घरी आणलं की घरातून आणलं?

पत्र

आम्ही भोसरीला राहतो. मिस्टर कंपनीत आहेत, तिन्ही शिफ्ट असतात. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. थोरला मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हा आमची भाड्याची एकच खोली होती आणि त्याला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून माण तालुक्यात सासूबाईंकडे ठेवला. धाकट्याच्या वेळी परिस्थिती सुधारली होती, तो इथंच वाढला. थोरला आता दहा वर्षांचा आहे. जूनमध्ये त्याला घरी आणलं आणि इथल्या सेमी-इंग्लिश शाळेत पाचवीत घातलं. गावाकडे हा अख्खी आळी डोक्यावर घ्यायचा. इथं पहिल्याच आठवड्यात वर्गात "मी काल आलतो" म्हणाला, पोरं हसली, तेव्हापासून बाईंनी काही विचारलं की मान खाली. मधल्या सुट्टीत बाकावरच्या एका मुलाशी तेवढा बोलतो, असं बाई म्हणतात. संध्याकाळी खाली वॉचमनकाकांजवळ जाऊन बसतो आणि त्यांच्याशी मात्र तासभर गप्पा. दिवाळीत गावी गेलो तर दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखा झाला. परतीच्या एसटीत बसला तो पुन्हा गप्प.

धाकटा सहा वर्षांचा आहे. पाहुण्यांसमोर कविता म्हणतो, कुणालाही पटकन उत्तर देतो. मिस्टर म्हणतात, गावानं थोरल्याला मागं ठेवलं. सासूबाई फोनवर म्हणतात, "माझं पोरगं तुम्ही कोमेजवलंत." तो त्यांना आई म्हणतो आणि मला मम्मी. ट्यूशनवाल्या मॅडमनी दोन महिन्यांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स सुचवलाय, स्टेज डेअरिंग येईल म्हणाल्या. लावू का? एकाच पोटची दोन मुलं इतकी वेगळी कशी? आमचंच चुकलं का? आणि त्याला वॉचमनजवळ बसू द्यावं का?

– एक आई, भोसरी

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांपाशी मी अडले. "घरी आणलं." तुमच्या बाजूनं ते अगदी खरं आहे. साडेआठ वर्षं लेकराविना काढलीत, खोलीचा फ्लॅट झाला आणि मग त्याला घरी आणलंत. आता त्याच्या बाजूनं बघा. ज्या बाईला तो आई म्हणतो, तिच्या हातची भाकरी, झोपताना तिची वाकळ, दारातली शेरडं आणि ज्याला त्याला त्याचं नाव माहीत असलेली आळी, हे सगळं एका जूनमध्ये सुटलं. तुम्ही त्याला घरी आणलंत आणि तो घर सोडून आला. मोठ्या माणसाच्या बाबतीत असं काही झालं तर आपण दहा दिवस तरी दुखवटा मानतो. त्याला मात्र पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं होतं.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तो गप्प का आहे, याचं निम्मं उत्तर इथं आहे आणि ते ना मिस्टरांच्या म्हणण्यात आहे, ना सासूबाईंच्या.

त्या दोघांचं भांडण गमतीचं आहे, कारण दोघंही एकच म्हण धरून बसलेत: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. फक्त मिस्टरांच्या मते ढवळ्या गावात आहे आणि सासूबाईंच्या मते भोसरीत. पण तुम्हीच लिहिलेली दिवाळीची गोष्ट दोघांनाही खोटं पाडते. गावानं त्याला कायमचं मागं ठेवलं असतं किंवा शहरानं कायमचं कोमेजवलं असतं, तर एका रात्रीत तो पहिल्यासारखा कसा झाला? पोरगं तेच आहे. त्या अंगणात त्याला काय करायचं हे ठाऊक आहे, तुमच्या हॉलमध्ये नाही.

आता "एकाच पोटची दोन मुलं" या प्रश्नाकडे येते. इथं दुसरी म्हण लोक फेकतात, खाण तशी माती. तिच्यातही तथ्य आहे. जुळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत जे मोजलं त्यावरून माणसामाणसांच्या स्वभावांत जो फरक असतो, त्यातला ढोबळमानानं निम्मा वाटा जन्मजात पिंडाचा निघतो. हे मोठ्या समूहाचं गणित आहे. तुमच्या मुलाचा अमुक टक्के स्वभाव आजोबांकडून आला, असं त्यातून काढता येत नाही. त्याच अभ्यासांतली मला जास्त रस असलेली गोष्ट वेगळी आहे. एका घरात वाढल्यानं भावंडं स्वभावानं फारशी सारखी होत नाहीत. बाहेरून एक दिसणारं घर आतल्या प्रत्येक मुलाला निराळं लागतं. तुमच्याकडे तर बाहेरूनही एक नव्हतं. थोरल्यानं भाड्याची खोली, मग आजीचं घर, मग पाहुणे म्हणून सणासुदीला येणारे आईबाप बघितले. धाकट्यानं पगार वाढलेले, हप्ता बसलेला फ्लॅट असलेले आईबाप बघितले आणि जून उजाडेपर्यंत तो एकुलता एक होता. दोघांचं आडनाव तेवढं एक.

पिंडाबद्दल अजून थोडं सांगते, कारण थोरला मूळचा धीट होता आणि आता बुजरा झाला, असं तुम्ही धरून चालला आहात. मला शंका आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या १३३ मुलांचा तान्हेपणापासून पुढे वर्षानुवर्षं माग ठेवला. शंभरातली साधारण पंधरा मुलं त्यांना अशी आढळली, की नवीन माणूस, नवीन जागा, नवीन जेवण समोर आलं की आधी मागे सरतात, लांबून बघतात आणि घाई केली नाही तर हळूहळू मिसळतात. आपल्याकडे यालाच "रुळायला वेळ लागतो" म्हणतात. त्या दोघांचा मुद्दा असा होता, की असा स्वभाव म्हणजे दोष नव्हे. मुलाचा पिंड आणि भोवतालच्यांच्या अपेक्षा एकमेकांना बसल्या नाहीत की त्रास सुरू होतो.

सासूबाईंना एकदा निवांत विचारा, दीड वर्षाचा आला तेव्हा किती दिवस पदराला धरून होता? परकं माणूस दारात आलं की काय करायचा? माझा अंदाज आहे, उत्तर मिळेल. गावात त्याच्यासमोर त्यानंतर नवीन असं फार काही आलंच नाही. तीच आळी, तेच मास्तर, पहिलीतली पोरं चौथीतही तीच. रुळायला वेळ लागणारं मूल एकदा रुळलं की ते किती दंगा करतं, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. या जूनमध्ये सगळंच एकदम नवं झालं आणि जुना स्वभाव वर आला. तो आत होताच.

आणि गप्प असणं वाईट, हे तरी कुणी ठरवलं? शांघायमधला एक अभ्यास मला या बाबतीत फार बोलका वाटतो. शिन्यीन चेन या मानसशास्त्रज्ञानं तिथल्या शाळकरी मुलांची १९९०, १९९८ आणि २००२ साली पाहणी केली. १९९० मध्ये लाजरीबुजरी मुलं वर्गात आवडती होती. शिक्षक त्यांना चांगलं म्हणायचे, सोबती मान द्यायचे, अभ्यासातही ती पुढे होती. २००२ पर्यंत शहराचा बाजार खुला झाला, पुढे होऊन बोलणाऱ्याची किंमत वाढली आणि तशाच लाजऱ्या मुलांना सोबती टाळू लागले, ती मुलं उदास राहू लागली. शहर तेच, लाजणंही तेच, मधे बारा वर्षं. माणहून भोसरीला एसटी काही तासांत येते. तुमच्या मुलानं ती बारा वर्षं एका दिवसात पार केली म्हणा ना.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. तुमचं पत्र पुन्हा वाचा. गावाकडे तो शेरडं सोडायचा की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण माणदेशात आजीच्या हाताखाली वाढलेलं दहा वर्षांचं पोरगं शेरडं सोडणार, दुकानातून चहापत्ती आणणार, शेजारच्या म्हातारीचा मोबाईल रिचार्ज आला का बघणार, हे मी न विचारता सांगते. इथं तो काय करतो? शाळा, ट्यूशन, जेवण, झोप. अख्ख्या पत्रात इथलं त्याचं एकही काम नाही. त्यानं एक दिवस काही केलं नाही तर भोसरीत कुणाचंही काहीही अडत नाही. गावात त्याच्यावाचून शेरडू उपाशी राहायचं.

वातावरण माणसाला घडवतं म्हणताना आपण हवापाणी, संस्कार, शाळेचं नाव, "संगत" असलं काहीतरी मोठं डोळ्यांसमोर आणतो. माझ्या अनुभवात ते बरंचसं छोट्या गोष्टींतून होतं: ही जागा माझ्याकडून रोज काय मागते आणि मी ते केलं नाही तर कुणाला कळतं. १९५० च्या दशकात जॉन आणि बिअट्रिस व्हायटिंग या दांपत्यानं सहा देशांतल्या सहा वस्त्यांमधली मुलं कशी वाढतात, हे बघायला माणसं धाडली होती. त्यातली एक वस्ती आपल्या उत्तर प्रदेशातलं खालापूर. केनियातल्या न्यान्सोंगो या वस्तीत मुलं गुरं राखायची, सरपण-पाणी आणायची, धाकटी भावंडं काखेला घेऊन हिंडायची. अमेरिकेतल्या वस्तीत मुलांना घरकाम जवळजवळ नव्हतं. खेळणी आवरायची, एवढंच. घराला खरंच लागणारं काम अंगावर असलेली मुलं दुसऱ्याला मदत करण्यात, लहानग्याला सांभाळण्यात पुढे दिसली, आणि अमेरिकेतली मुलं "माझ्याकडे बघा" म्हणण्यात. तुमचा धाकटा पाहुण्यांसमोर कविता म्हणतो, ते वाचताना मला हेच आठवलं. (धाकट्यात काही खोट आहे असं नव्हे. त्याच्या घरानं त्याच्याकडून कविता मागितली, त्यानं दिली.)

त्याच ओघात तुमच्या अपराधी भावनेबद्दल. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं धड, उभारीची निघाली. त्यांच्यात काय सारखं होतं? आईबाप पुरे पडले नाहीत तिथं त्यांना जीव लावणारं कुणीतरी होतं, पुष्कळदा आजी-आजोबाच. आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांवर लहानपणापासून घरातली खरी जबाबदारी होती. तुमच्या मुलाला या दोन्ही गोष्टी मिळाल्या आणि त्या सासूबाईंनी दिल्या. तुम्ही त्याला टाकलं नव्हतं, एका भक्कम हातात दिलं होतं. त्याची भरपाई करायच्या फंदात पडू नका, त्याला ते कळतं.

आता काय करायचं.

क्लास नको, निदान या वर्षी नको. दहा मुलांसमोर माईक धरून "माझी ओळख" म्हणायला लावणं हे रुळायला वेळ लागणाऱ्या मुलासाठी पोहायला येत नसताना विहिरीत ढकलण्यासारखं आहे. काही जण ढकलल्यावर पोहतात, हे खरंय, आणि मग आयुष्यभर तेच सांगत फिरतात. दोन महिन्यांत व्यक्तिमत्त्व बदलून देतो म्हणणाऱ्या बोर्डाखालून मी नेहमी थोडी लवकर चालत जाते. ते पैसे तुम्ही एसटीच्या तिकिटांना ठेवा.

त्याला काम द्या. दिखाऊ नको. "रोज एक झाड रंगव" असलं नको. न केल्यास घराचं अडेल असं काम. तुमच्याकडे पाणी दिवसाआड येत असेल तर ते भरणं त्याच्याकडे द्या. वेळ लक्षात ठेवणं, मोटर लावणं, पिंप भरलं की बंद करणं. एखाद्या दिवशी विसरेल आणि पाण्याची बोंब होईल. होऊ दे. पाठीमागून जाऊन गुपचूप मोटर लावलीत तर काम त्याचं राहिलं नाही. धाकट्याला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं हे दुसरं. यात आणखी एक होईल. धाकट्याला आजवर थोरला म्हणजे घरात आलेला एक गप्प पाहुणा वाटत असेल, तो दादा होईल.

भाषेचं आता थोडं सविस्तर, कारण गाठ तिथं बसली आहे. मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे बायका "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. मुंबईत कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी "मी आत्ताच आलो" म्हणाले आणि अख्खा बाक हसला. पुढचं वर्षभर मी भूतकाळातलं बोलणंच टाळलं. "काल येणं झालं", "जेवण झालंय" अशी वाक्यं जुळवत बसायचे. एवढं डोकं चालवायला लागलं की माणूस गप्पच राहतं. तुमच्या मुलाचं तेच चाललंय. बाईंनी विचारलं की उत्तर त्याला येत असतं, पण ते "शुद्ध" करेपर्यंत प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असतो.

म्हणून घरात त्याचं "आलतो" दुरुस्त करू नका आणि मिस्टरांनाही करू देऊ नका. खरं तर मिस्टर स्वतः माणचे. फोनवर आईशी ते कसं बोलतात? "आलतो"च म्हणत असणार. मग कंपनीत वेगळं आणि घरी वेगळं बोलायला ते कधी, कसं शिकले, पहिल्यांदा कोण हसलं, हे त्यांनी मुलाला एकदा सांगावं. गाडी पुसताना, सेकंड शिफ्टला निघायच्या आधी, अशा वेळी. समोर बसवून भाषण नको. बापालाही हसले होते, हे ऐकून दहा वर्षांच्या पोराचं जे होतं ते कुठल्या कोर्सात होत नाही.

बाईंना भेटा, पण "त्याला बोलतं करा" असं सांगू नका. तीन गोष्टी मागा: काही दिवस सगळ्यांसमोर अचानक उठवू नये, जो एक मुलगा त्याच्याशी बोलतो त्याच्याच शेजारची जागा ठेवावी, आणि वर्गाचं काही हातानं करायचं काम, खडू आणणं, वह्या वाटणं, त्याच्याकडे द्यावं. परिसर अभ्यासात पाणी, पाऊस, दुष्काळी भाग असा धडा आला तर वर्गात त्या विषयातला सगळ्यात जाणकार माणूस तोच आहे, हेही त्यांच्या कानावर घाला. आधी दोन दिवस त्याला सांगून ठेवून विचारलं तर बोलेल.

त्या एका मुलाला शनिवारी घरी बोलवा. एकालाच. वाढदिवस, पार्टी, सोसायटीतली सगळी गँग असलं काही नको. वडापाव आणा आणि दोघांना सोडून द्या.

"हा जरा लाजाळू आहे" हे वाक्य पाहुण्यांसमोर बंद. तो ऐकतो आणि पुढच्या पाहुण्यांना तेच करून दाखवतो.

सासूबाईंचा फोन त्यानं स्वतः लावायचा, रोज, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत जायचं. तो त्यांना आई म्हणतो याचं तुम्हाला वाईट वाटतं, तुम्ही तसं लिहिलं नसलं तरी. वाटू दे. पण ते नाव बदलायला लावू नका. मे महिन्याची अख्खी सुट्टी त्याला गावी द्या, आणि ते आत्ताच त्याला सांगा, तारीख सांगून, म्हणजे तो दिवस मोजू शकेल. जमलं तर सासूबाईंना इकडे पंधरा दिवस बोलवा. त्यांनी त्याची शाळा, त्याचा जिना, पिंप पाहिलं की फोनवर बोलायला त्यांच्याकडेही इथलं काही राहील, आणि "कोमेजवलंत" जरा कमी होईल.

एक गोष्ट गंभीरपणे. तो शाळेत एका तरी मुलाशी बोलतो, म्हणून मी इतक्या शांतपणे लिहिते आहे. सहा महिन्यांत शाळेत एक अवाक्षर काढलं नसतं तर आधी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हणाले असते, कारण घरी बोलणारं आणि शाळेत अजिबात न बोलणारं मूल ही वेगळी अडचण असते आणि तिच्यावर उपचार आहेत. तो बोलणारा मुलगाही सुटला, रोज सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखायला लागलं, झोप किंवा जेवण उतरलं, अंथरूण ओलं व्हायला लागलं, किंवा गावी गेल्यावरही तो खुलला नाही, तर थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिले वॉचमनकाका. बसू द्या. पण आधी स्वतः खाली जा, मिस्टरांनाही घेऊन जा, चहाचा थर्मास न्या आणि दहा मिनिटं बसा. बसायचं ते गेटजवळ, चारचौघांत, केबिनच्या आत नाही, हे त्यालाही आणि काकांनाही स्पष्ट सांगा. संकोच करू नका, भला माणूस असेल तर त्याला राग येणार नाही. दिवसाच्या शेवटी या मुलाला सोसायटीत एक माणूस असा सापडलाय ज्याच्याशी बोलताना वाक्य जुळवावं लागत नाही. काका कुठल्या गावचे, त्यांच्या घरी कोण कोण, शेती किती, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर जिना उतरताना मुलालाच विचारा. त्याला सगळं माहीत असेल.